दोराला हिसका न देणारी मुलगी

फार फार मागे, राजांची नावंसुद्धा कुणी लिहून ठेवत नव्हतं तेव्हा, एका उंच कड्याच्या माथ्यावर एक गाव होतं. ही गोष्ट त्या गावाची. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी तर कान धरून ऐकावी, कारण चूक मोठ्यांची होती. ही गोष्ट सांगायला बसले की दरवेळी माझं डोकं तापतं. आजही तापेल, तेवढं चालवून घ्या.

गावाचं पोट मधावर चालायचं. कड्याच्या अंगाला आग्या मोहळाची पोळी लटकायची, सुपाएवढी, कधी दारवंट्याएवढी. तिथवर पायवाट नाही, शिडी पोचत नाही. जायचं तर दोरानेच.

मध काढायला दोघं लागायची. एक जण कमरेला दोर बांधून खाली उतरणार, दुसरा वर दोर धरणार. दोराचा एक वेढा हिरड्याच्या बुंध्याला आणि टोक धरणाऱ्याच्या हातात. खालून वरचं दिसत नाही, वरून खालचं दिसत नाही आणि वाऱ्यात हाक धड ऐकू येत नाही. म्हणून खुणा ठरलेल्या होत्या. एक हिसका म्हणजे दोर सोड. दोन हिसके म्हणजे मला वर ओढ. माश्या उठल्या की खालच्याने दोन हिसके द्यायचे आणि वरच्याने क्षणाचाही विचार न करता ओढायचं. गावातली मुलं पंधरा वर्षांची झाली की त्यांच्या अशा जोड्या लावायच्या, आणि एकदा लागलेली जोडी जन्माची, अशी रीत होती.

एका वर्षी घात झाला. वर दोर धरलेल्या माणसाने आपलं तान्हं पोर तिथेच झाडाखाली झोळीत निजवलं होतं. पोर किंचाळलं, बापाची मान वळली, हात सैल पडला आणि खाली उतरलेला माणूस दरीत गेला. तो गावच्या कारभाऱ्यांचा धाकटा भाऊ होता.

कारभाऱ्यांचं दुःख खरं होतं, ते मी नाकारत नाही. तेरा दिवस त्यांनी घराचा उंबरा ओलांडला नाही. चौदाव्या दिवशी बाहेर आले आणि सगळ्या गावाला त्यांनी पारावर बसवलं.

"माझ्या भावाला दोराने मारलं नाही," ते म्हणाले. "लळ्याने मारलं. पोराचा लळा होता म्हणून बापाची मान वळली. लळा हात सैल करतो. आपलं पोट दोरावर आहे, आपल्याला लळा परवडायचा नाही."

आता सांगा, एवढा पार भरलेला. एका तरी माणसाने उठून म्हणावं की नाही, की कारभारी, तान्हं पोर कड्यावर आणू नये, घरी कुणाजवळ तरी ठेवावं, एवढीच तर गोष्ट आहे! पण नाही. सगळे माना खाली घालून बसले. रोग हाल्याला आणि औषध पखालीला म्हणतात ना, तसं झालं.

औषध काय ठरलं? मूल चाळीस दिवसांचं झालं की येणाऱ्या पौर्णिमेच्या सकाळी आईने ते शेजारच्या घरी देऊन टाकायचं. शेजारणीने पुढच्या पौर्णिमेला त्याच्या पुढच्या घरी. दर पौर्णिमेला नवा उंबरा, नवी बाई, मूल पाच वर्षांचं होईपर्यंत. जन्म दिलेलं घर तेवढं वगळायचं. दूध कुणीही पाजावं, पण अंगाई कुणी म्हणायची नाही. आणि रडलं तर उचलायचं नाही, कारण उचललं की पोर हात ओळखायला लागतं.

"मूल कुणा एकाचं नाही, सगळ्या गावाचं," असं कारभारी म्हणायचे. ऐकायला किती गोड! आणि गावातल्या शहाण्यांनी त्यावर माना डोलावल्या.

पहिली एक-दोन वर्षं गाव तान्ह्यांच्या रडण्याने दणाणून गेलं. मग हळूहळू आवाज कमी झाला. पुढेपुढे तर पाळण्यातलं पोरही रडेनासं झालं. परगावचे पाहुणे यायचे, मध चाटायचे आणि म्हणायचे, "काय गुणी पोरं हो तुमची! हूं नाही की चूं नाही." कारभाऱ्यांची छाती फुगायची.

गुणी? डोंबल गुणी! रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात, इथे रडूनही कुणी येत नव्हतं. शंभर वेळा रडून पाहिलेलं पोर एकशे एकाव्या वेळी कशाला घसा कोरडा करेल? ते गप्प पडून आढ्याकडे बघत राहायचं. आणि ही मोठी माणसं, चार पावसाळे जास्त पाहिलेली, त्या गप्प पडण्याला हिंमत म्हणत होती. अजूनही म्हणणारे भेटतात मला. असो, पुढे सांगते.

त्या गावात सगुणा नावाची बाई होती. लग्नानंतर सात वर्षांनी तिला मुलगी झाली. तिचं नाव म्हाळू. नेमलेल्या पौर्णिमेला सगुणेने तिला न्हाऊ घातलं, काजळ-तीट लावली आणि शेजारच्या उंबऱ्यावर नेली. पोरीने आईचा पदर मुठीत धरला होता. शेजारणीने एकेक बोट करून ती मूठ सोडवली. सगुणा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

नवरा म्हणाला, "गावाची रीत आहे."

ती म्हणाली, "हो."

तिथे तिने नाही म्हणायला हवं होतं. मी तिची बाजू घेणार नाही. पुढे तिने स्वतःही ती कधी घेतली नाही.

पाच वर्षांनी म्हाळू घरी आली ती बगलेत कपड्यांचं गाठोडं घेऊन. सगुणेने दूध आटवून ठेवलं होतं, मधात भाकरी कुस्करली होती. पोर दारातच उभी राहिली. तिने घर वर-खाली पाहिलं आणि विचारलं, "मी कुठे निजायचं? आणि पुढची पौर्णिमा कधी आहे?"

"आता पौर्णिमा नाही, बाळा," सगुणा म्हणाली. "आता इथेच राहायचं."

म्हाळूने मान हलवली. तिला ते खरं वाटलं नव्हतं. ते गाठोडं वर्षभर तिच्या उशाशी बांधलेलंच असायचं.

ती वाढत गेली. ताप भरला तरी सांगायची नाही. पायात काटा मोडला तर कोपऱ्यात बसून दाभणाने स्वतःच काढायची. सगुणा जवळ गेली की अंग चोरायची. आईला ती 'अहो' म्हणायची, जसं बाकीच्या सगळ्या बायांना म्हणत आली होती. मैत्रीण एकही नाही. कुणी खेळायला हाक मारली तर जायची, खेळायची आणि खेळ संपायच्या आत एकटी परतायची.

काही पोरं म्हाळूसारखी झाली आणि काही नेमकी उलट. केरू नावाचा मुलगा त्या दुसऱ्या तऱ्हेचा. गावात कासार आला की हा त्याच्या मागे कोसभर जायचा, "मला तुमच्याबरोबर न्या ना," म्हणत. कुणाशी मैत्री झाली की त्या मित्राला श्वास घेऊ द्यायचा नाही. मित्र दुसऱ्याशी दोन शब्द बोलला तर याचा जीव वरखाली. मग भांडण, मग पाया पडणं, मग पुन्हा भांडण. मित्र कंटाळून निघून जायचा आणि केरू म्हणायचा, "मला ठाऊकच होतं, तू पण जाणार."

ही पोरं पंधरा वर्षांची झाली आणि जोड्या लावायची वेळ आली. त्या वर्षी आठ जोड्या लावल्या, त्यातल्या पाच पाडव्याच्या आत मोडल्या. एकाने वरच्या माणसावर भरवसा नको म्हणून दोर झाडाला बांधला, एकटाच उतरला आणि दोर तुटून गेला. एक मुलगी खालून पाचपाच हातांवर ओरडून विचारायची, "आहेस ना? धरलंयस ना?" आणि वरचा वैतागून, दोर झाडाला बांधून निघून गेला. ती दिवसभर लटकत होती. दोघं सख्खे शेजारी आधीच्या भांडणाचा राग मनात ठेवून दोरावर आले. त्यातला खाली गेलेला परत आला नाही.

कारभारी काय म्हणाले असतील? म्हणाले, "आजकालच्या पोरांत इमानच राहिलं नाही!"

चोराच्या उलट्या बोंबा! अहो, पेरलं कुणी? पाच वर्षं त्या पोरांना ज्याने-त्याने पुढच्या उंबऱ्यावर ढकललं, कुणी त्यांना धरून ठेवलं नाही, आणि आता ती एकमेकांना धरत नाहीत म्हणून ओरडा! कारभाऱ्यांनी सगळ्या जोड्यांना देवळात नेऊन शपथा घ्यायला लावल्या. वर नवा नियम काढला, की दोराला जोडीशिवाय तिसऱ्या माणसाने हात लावायचा नाही, म्हणजे पोरं एकमेकांवर विसंबायला शिकतील. पोरांनी शपथा घेतल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच.

म्हाळू आणि केरू यांची जोडी लागली. तिला कुणी जवळ आलेलं नको आणि याला कुणी लांब गेलेलं सोसत नाही. अशी जोडी लावणाऱ्याच्या अकलेला काय म्हणावं!

कड्याच्या पायथ्याशी बनूबाई नावाची धनगरीण राहायची. ती गावची नव्हती, म्हणून गावाची रीत तिला लागू नव्हती. तिची चार पोरं. एकेक असं बोंबलायचं की कड्यावर ऐकू यायचं. ती हातातलं काम टाकून धावायची, एक धपाटा घालायची आणि लगेच कडेवर घ्यायची. वरची माणसं हसायची. बनूबाईचा थोरला सोळा वर्षांचा, ओठावर मिसरूड फुटलेली, तरी लांबूनच ओरडत यायचा, "आये, भाकर वाढ!" गाव म्हणायचं, पोरं शेफारून ठेवलीत. पण तोच पोरगा साठ मेंढरं घेऊन आठ-आठ दिवस एकटा रानात राहायचा, हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं.

एक दिवस बनूबाई कडा चढून सगुणेच्या अंगणात आली. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "सगुणे, तुझी लेक दोराला हिसका देत न्हाई."

"म्हणजे?"

"काल सरावाला उतरली व्हती. म्या खालून बघत हुते. पाय कपारीत अडकला तिचा. रगत आलं. दोन मेंढ्यांची धार काढून व्हईल एवढा येळ ती तशीच लोंबत राह्यली. म्या खालून वराडले, अगं हिसका दे की! तिनं माझ्याकडं बघितलं अन् तोंड फिरवलं. दोर सोड म्हणायला एक हिसका देती ती. वर वढ म्हणून दोन काय देत न्हाई. उद्या माश्या उठल्या तर काय करशील?"

सगुणा हातातलं सूप तसंच टाकून उठली.

तिने म्हाळूला गाठलं. पोर ओसरीवर बसून पायाची जखम हळदीने भरत होती.

"म्हाळू, अडलीस तर दोन हिसके का देत नाहीस?"

"देऊन काय होतं?" म्हाळूने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता की रुसवा नव्हता. तिला खरोखरच माहीत नव्हतं.

"अगं, वर केरू आहे ना! तो ओढेल."

"ओढेल कदाचित," म्हाळू म्हणाली आणि पुन्हा पायाकडे बघायला लागली.

सगुणा तशीच उठून कारभाऱ्यांच्या दारी गेली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या दारी न बोलावता गेली होती.

"कारभारी, माझ्या पोरीला यंदा उतरवू नका."

"का? भ्याली?"

"ती भीत नाही, तीच तर भीती आहे. ती दोन हिसके द्यायची नाही. माश्यांनी फोडून काढली तरी द्यायची नाही."

कारभारी हसले. "सगुणे, तुझी पोर गावातली सगळ्यात धीट पोर आहे. ती रडलेली मला कधी आठवत नाही. आमच्या रीतीचं सोनं झालेलं पोर ते. यंदाचं पहिलं पोळं तीच काढणार. जा घरी."

सोनं म्हणे! ज्या पोरीला मदत मागणं म्हणजे काय तेच ठाऊक नाही, ती याचं सोनं! सगुणेच्या तोंडाशी शब्द आले आणि तिने ते गिळले. पंधरा वर्षांची सवय, ती काय एका दुपारी जाते?

चैत्रातली सकाळ. ऊन चढायच्या आत उतरायचं, तेव्हा माश्या गारठ्याने सुस्त असतात. सगळं गाव कड्यावर जमलेलं. म्हाळूने अंगाला घोंगडी गुंडाळली, कमरेला दोर बांधला, एका हातात ओल्या पाल्याचा धुमसता जुडगा आणि दुसऱ्या हातात लांब दांड्याचा कोयता घेतला. सगुणा म्हणाली, "बाळा, अडलीस तर..." तोवर ती कडा ओलांडून गेलीही होती.

केरू दोर सोडत होता. सोडत होता म्हणजे काय, एकेक वीत जिवावर आल्यासारखी देत होता. खालून एक हिसका आला. सोड. केरूने अर्धा हात सोडला. पुन्हा एक हिसका. पुन्हा अर्धा हात. म्हाळू पोळ्याच्या पुरुषभर वरच लटकत राहिली. धूर वर जात होता, पोळ्याला लागत नव्हता. शेवटी तिने वाकून, तिरकं लोंबकळून कोयता चालवला. घाव पोळ्याच्या मधोमध बसला आणि सगळं मोहोळ उठलं.

वर आधी आवाज आला. मग कड्याच्या काठावरून काळा ढग वर आला. माणसं पदर-पागोटी तोंडावर ओढून मागे पळाली. तीन माणसं तिथेच उभी राहिली, दोर धरलेला केरू, सगुणा आणि कारभारी.

"ओढ!" सगुणा ओरडली.

"हिसका येत नाही, मावशी!" केरू रडकुंडीला आला होता. "मागे मी न विचारता ओढलं होतं, तर ती म्हणाली जोडी मोडीन. आता परत ओढलं तर ती जाईल ना मला सोडून!"

"थांब," कारभारी म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता. "हिसका आलेला नाही, म्हणजे तिने खाली सांभाळून घेतलंय. धीट पोर आहे."

सगुणा दोराकडे धावली. कारभाऱ्यांनी काठी आडवी धरली. "तिसऱ्याने दोराला हात लावायचा नाही. शपथा झाल्यात."

आणि मग पंधरा वर्षं गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

"जळो तुमच्या शपथा!" सगुणा म्हणाली. "ती हिसका देणार नाही! तिला आपणच शिकवलंय, रडलं तर कुणी येत नाही, मागितलं तर कुणी देत नाही. तुम्ही शिकवलंत, मी शिकवलं, या सगळ्यांनी शिकवलं. आणि आता तिने मागावं म्हणून वाट बघताय? माणूस आहात की दगड? सरा बाजूला!"

तिने काठी धरून अशी ढकलली की कारभारी दोन पावलं मागे गेले. दोराला हात घालून ती केरूवर खेकसली, "ओढ मेल्या! रागावली तर माझ्यावर रागावेल!"

दोघांनी दोर ओढला. माश्या सगुणेच्या मानेला, हाताला, पापण्यांना डसत होत्या. तिने दोर सोडला नाही. म्हाळू काठावर आली तेव्हा तिचं तोंड ओळखू येत नव्हतं. डोळे मिटलेले, ओठ सुजून बाहेर आलेले, श्वास तेवढा चालू. सगुणेने तिला आपल्या लुगड्यात गुंडाळून झाडीत ओढत नेलं.

बऱ्याच वेळाने पोरीचे ओठ हलले.

"मी हिसका दिला नव्हता."

"माहीत आहे," सगुणा म्हणाली.

"मग का ओढलंत?"

"तू खाली होतीस म्हणून."

म्हाळूने आईच्या मांडीवरून डोकं काढून घेतलं नाही.

पुढच्या पौर्णिमेला गावात तीन बाळं द्यायची होती. कारभारी पारावर येऊन बसले. तिन्ही घरच्या बाया आल्या, पोरांना मांडीवर घेऊन पारासमोर बसल्या आणि उठेनात. कारभाऱ्यांनी दटावलं, त्यांनी पोरांना पदराखाली घेतलं. कारभाऱ्यांनी भावाची आठवण काढली, बायांचेही डोळे भरले, पण त्या उठल्या नाहीत. त्यातलं एक बाळ भोकाड पसरून रडायला लागलं. त्याच्या आईने ते सगळ्या गावादेखत उचललं आणि थोपटलं. त्या दिवशी रीत मोडली.

तुम्ही म्हणाल, झालं, सुटलो. गोष्ट गोड झाली. छे! मोडलेली रीत एका सकाळी मोडते, पण मोडलेलं पोर एका सकाळी जुळत नाही.

म्हाळू बरी झाल्यावर सगुणेने घरातच एक दोर बांधला. एक टोक म्हाळूच्या खाटेपाशी, दुसरं आपल्या कमरेला. म्हणाली, "दोन हिसके दे. मी येईन." शेजारणी हसल्या. "पंधरा वर्षांची घोडी आणि तिला खेळवतेस?" सगुणा म्हणाली, "तेव्हा करायचं होतं ते केलं नाही. आता करतेय. तुमच्या डोळ्यांत का खुपतंय?"

सात महिने हिसका आला नाही. मग एका दुपारी, सगुणेची भाकरी तव्यावर असताना, दोराला दोन हिसके बसले. सगुणा भाकरी टाकून धावली. म्हाळू खाटेवर नुसती बसली होती. तिला काहीच नको होतं, बघायचं होतं. भाकरी करपली. दुसऱ्या दिवशी वीस हिसके आले. सगुणा वीस वेळा गेली, कधी हसत, कधी "आले गं बाई, आले, जीव काढशील माझा!" असं करवादत, पण गेली. एकदा तिला उशीर झाला तर म्हाळू चिडून ओरडली, "अगं, ये ना लवकर!" सगुणा दारातच थबकली. पोर तिला 'अगं' म्हणाली होती.

केरूला बनूबाईने कोकरं राखायला आपल्या घरी नेलं. रोज ती रानात जायची आणि रोज दिवेलागणीला परत यायची. जाताना सांगून जायची. जाणारं माणूस परत येतं, हे त्या पोराच्या अंगात मुरायला दोन उन्हाळे गेले.

सगळीच सावरली नाहीत. कारभाऱ्यांचा नातू कासाराच्या मागे गेला तो गेलाच. कारभारी शिवेपर्यंत धावले, तीनदा नाव घेऊन हाक मारली. पोराने ऐकलं. पण पाच वर्षांत साठ पौर्णिमा आणि तेवढ्याच बाया पाहिलेल्या त्या पोराला आजोबा म्हणजे आणखी एक उंबराच होता. तो चालत राहिला. कारभारी शिवेवरच्या दगडावर बसून मोठ्याने रडले. त्यांच्याच रीतीत वाढलेली तरणी पोरं पाण्याचे हंडे घेऊन तिथून जात होती. कुणी वाईट बोललं नाही, कुणी हसलं नाही. कुणी थांबलंही नाही. मला विचाराल तर मला कारभाऱ्यांची दया येते आणि येतही नाही. दरीत गेलेल्या पोरांच्या आयांना विचारा.

तिसऱ्या वर्षी म्हाळू आपणहून म्हणाली, "मी उतरते." तिला कुणी सांगितलं नव्हतं. केरू दोर धरायला आला. दोघांत फार बोलणं झालं नाही. एक हिसका आला आणि केरूने दोर सोडला, लागेल तेवढा. पुन्हा एक हिसका, पुन्हा दोर. बराच वेळ दोर गप्प राहिला. सगुणा हिरड्याखाली उभी होती, मुठी आवळून. तिने दोराला हात लावला नाही.

मग खालून घों असा आवाज आला, आणि त्या आवाजाबरोबरच दोराला दोन हिसके बसले. केवढे हिसके! केरूचे हात खांद्यातून निखळतील असे. त्याने ओढायला सुरुवात केली. काठावर म्हाळू आली ती दोन डंख घेऊन, हातात मधाने थबथबलेला पोळ्याचा अर्धा तुकडा धरून, थरथर कापत. वर येताच ती आईच्या गळ्यात पडली आणि भोकाड पसरून रडली. सगळ्या गावादेखत, अठरा वर्षांची मुलगी.

मागून कुणीतरी म्हातारं म्हणालं, "काय हे! पूर्वी किती धीट होती पोर!"

म्हाळूने तोंड वर काढलं. नाक पुसलं आणि त्याच्याकडे असं बघितलं की म्हातारा मागे सरला.

"धीट होते तेव्हा मरत होते," ती म्हणाली. "आज भ्याले, म्हणून जिवंत आहे."

तर बोध असा: तान्हेपणी ज्याच्या रडण्याला कुणी धावून येतं, तेच मोठेपणी हाक मारू शकतं आणि दुसऱ्याचा दोर धरू शकतं, म्हणून पोराला शूर करायचं असेल, तर आधी त्याला उचलून घ्या.